मनोऱ्याच्या पायथ्याचं दार

प्रकाशकांचा फोन आला तेव्हा चित्रकार बाई ब्रश धूत होत्या. मुलांनी मनोऱ्याची भिंत फोडायला घेतली आहे, एवढं ऐकूनच त्यांनी हातातला ब्रश तसाच पाण्यात सोडला.

त्यांच्या चित्रकथेतली भावंडं जुन्या मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या छोट्या दारावर तीनदा टकटक करतात आणि थेट चारशे वर्षं मागे, मनोरा बांधला जात असतानाच्या दिवसांत पोचतात. पंचाईत एवढीच, की मनोऱ्याला असं दारच नव्हतं. बाईंनी एका धूसर फोटोवरून चित्र काढलं होतं आणि भिंतीवरचा ओलीचा डाग त्यांना दार वाटला होता. हे कळेपर्यंत पुस्तक छापून झालं होतं. मुलं काय एवढं बारकाईने बघतात, म्हणून प्रकाशकांनी विषय झटकून टाकला.

मुलं नेमकं तेवढंच बघत होती. आधी दोन-चार जणांनी टकटक करून पाहिली. मग एका शाळेची सहल आली आणि साठ मुलांनी रांग लावली. दार उघडेना, तेव्हा टकटक हळू होतेय असं ठरलं. कंपासपेट्या बाहेर निघाल्या, आणि पंजाएवढा गिलावा खाली आला. राखणदार ओरडला, तर असा दार लपवणारा माणूस पुस्तकातही आहे, असं एका मुलीने त्यालाच सुनावलं. त्याने वर तक्रार केली, वरून प्रकाशकांना पत्र आलं, आणि प्रकाशकांनी हात झटकले.

"दार तुम्ही काढलंत, आता तुम्हीच जाऊन मिटवा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई निघाल्या. बसमध्ये त्या माफीची वाक्यं घोकत राहिल्या. लेखी घेतील, भरपाई मागतील, पेपरात नाव येईल, काय काय डोळ्यांपुढे येत होतं.

मनोरा उघडायला अवकाश होता. वळसा घालून त्या मागे गेल्या आणि थबकल्या. टोपी काखेत धरून राखणदार भिंतीला कान लावून उभा होता. त्याने तीनदा टकटक केली. थांबला. पुन्हा केली.

बाई खोकल्या. त्याने घाईघाईने टोपी चढवली आणि भिंत पोकळ झालीय का ते तपासत होतो, असं सांगितलं. बाईंनी आपली ओळख करून देऊन माफी मागायला सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला त्याने त्यांना थांबवलं आणि आसपास कोणी नाही ना, ते पाहिलं.

"बाई, एक विचारू? तुमच्या पुस्तकातली ती दोघं कुठल्या हाताने टकटक करतात? चित्रात नीट कळत नाही."

खरं काय ते बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी ते गिळलं.

"डाव्या," त्या म्हणाल्या.

"तरीच," म्हणत राखणदाराने डाव्या हातातला किल्ल्यांचा जुडगा उजव्या हातात घेतला.