हिलालची गाठ

"ओ लताना बाप, बैल बांधना शे का पोरले झोका?" हिलालची बायको भागाबाई खालून ओरडली.

हिलाल निंबावर चढून दोर बांधत होता. शहाऐंशी सालची अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सासरी गेलेल्या साऱ्या पोरी माहेरी झोके घ्यायला आलेल्या. हिलालची लता मात्र सकाळी आली अन् चारच्या एस.टी.ने परत निघणार होती. तिचे सासरे, अमळनेरचे जीवराम नाना, राखणीला सोबतच आले होते. "घरी कुरडया बाकी आहेत," एवढंच त्यांचं म्हणणं. लताला निदान झोका तरी घ्यायचा होता.

हिलालची हयात बैल बांधण्यात गेली. त्याचा हात सुरगाठीचा, लोंबतं टोक ओढलं की बैल मोकळा. बैल शिंकला तरी सुटायची ती गाठ! झोक्यालाही त्याने तीच मारली.

"पक्की शे!" म्हणत तो स्वतःच बसला. पहिल्याच हेलकाव्याला तोल गेला. आधाराला हाती आलं ते लोंबतं टोक. धप्प! धुराळा असा उडाला की तिकडे दोंडाईच्यात बायांनी वाळत घातलेले पापड घरात नेले.

नाना उठले. "माझी सून यावर बसणार नाही!"

लताचं तोंड एवढंसं झालं. हिलाल कंबर चोळत पुन्हा चढला. फांदीवर गोणपाट घातलं, दोराचे दोन वेढे घेतले, निरगाठ मारली, वर आणखी एक मारली.

"आते हत्ती बसाडा, नाना!"

"हत्ती कशाला? मीच बघतो." नाना धोतर सावरून बसले.

हिलालने हळूच ढकललं. "बरं आहे." जरा जोरात. "ठीक आहे." आणखी जोरात. नानांची टोपी उडाली, त्यांनी मागितली नाही. वर गेले की त्यांना अमळनेरचं स्टेशन दिसायचं, असं गाव अजून सांगतं.

तेवढ्यात फाट्यावर हॉर्न वाजला. हिलालने हात काढला. "नाना, गाडी उनी!"

"कोणती गाडी? तू ढकल!"

हिलाल गोंधळला. लता पदर खोचून नानांच्या मागे आली अन् ढकलू लागली.

"अवं, सासरा शे तुना!" भागाबाई कुजबुजली.

"म्हनीसन तं हळू ढकली राहिनू," लता म्हणाली अन् दोन्ही हातांनी जोर लावला.

गाडी गेली. बऱ्याच वेळाने नाना उतरले. गाठीकडे बघत गंभीरपणे खाकरले.

"बरी वाटते. पण एका दिवसात गाठीचं काय कळतं, हिलालभाऊ? सकाळी पुन्हा बघावी लागेल." मग सुनेकडे वळले. "तोवर तू बस, पोरी. जरा हळू घे मात्र. सकाळी मला बसायचंय."