नाना डोळे बघतात

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, सांभाळून घ्या. चौथीनंतर शाळा सुटली. पण नानांचं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

रोह्याजवळच्या वृद्धाश्रमात मी कामाला आहे. तिथे सकाळी चहाच्या आधी नाना चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक खाटेपुढे उभे राहतात आणि माणसाच्या डोळ्यांत टक लावून बघतात. "हलू नको गो, आखणी बघतो." हमरापूरला मूर्तींच्या कारखान्यात चाळीस वर्षं त्यांनी गणपतीचे डोळे रंगवले. त्या कामाला आखणी म्हणतात. नानांच्या मते इथे बाकी कुणाला त्यातलं काही कळत नाही.

मग निकाल लागतो. "म्हात्रेआजीची भुवई चढलेय. गुडघा."

"माझा गुडघा, तुमाला काय त्याचं?" आजी म्हणतात, आणि मलमासाठी पाय पुढे करतात.

खतीजाबींचं वेगळं होतं. लकवा मारला तेव्हाच त्यांची वाचा गेली. कूस बदलताना हूं की चूं नाही, म्हणून आम्ही समजायचो, बाई शांत आहेत. एका सकाळी नाना त्यांच्यापुढून हलेनात. "हिला दुखतंय. डावीकडे वळवली की पापणी थरथरते."

"नाना, ती मूर्ती नाय," सिस्टर हसल्या.

"मूर्ती नाय, म्हणूनच सांगतो."

दोन दिवस मीही बघितलं. दर वेळी पापणी थरथरायची, डावीकडे वळवलं कीच.

डॉक्टर आले. सिस्टर म्हणाल्या, खतीजाबींची काही तक्रार नाही. मी डॉक्टरांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. नानांनी मागून काठी टोचली. "बोल गो. मला येडा समजतात."

मी बोलले. डॉक्टरांनी खुब्यावर हळूच दाबलं, पापणी बघितली. आंघोळीच्या अर्धा तास आधी द्यायचं औषध लिहून दिलं, गुडघ्यांमध्ये उशी ठेवायला सांगितली. चार दिवसांनी खतीजाबींनी माझ्या हातातला चमचा काढून घेतला आणि स्वतःच पेज खाल्ली. नाना दिवसभर मिरवले. मीही थोडी मिरवले.

संध्याकाळी नानांचा शर्ट बदलताना मी त्यांचे डोळे बघितले. ते कधी कुणी बघितलेच नव्हते. उजवी बाही काढताना पापणी थरथरली.

"नाना, खांदा?"

"नाय गो."

"कधीपासून?"

चष्मा पुसत म्हणाले, "कारखान्यात होतो तवापासून."

पुढच्या फेरीला डॉक्टरांनी विचारलं, नाना, तुम्हाला काय होतंय? सगळ्यांची दुखणी सांगणारा माणूस खाली बघत बसला. मी पुढे झाले आणि सांगितलं, उजवा खांदा, हात कानाच्या वर जात नाही, फार जुनं आहे.