ठमीचे बारसे

आत्या आल्याशिवाय मी नाव ठेवून घेणार नाही, असे दगडातल्या शिंपलीने सांगितले, तेव्हा कुमुद खानझोडेला फारसे नवल वाटले नाही. चार कोटी वर्षांची शिंपली जुन्या वळणाचीच असणार.

ती समुद्राच्या तळाशी, काळोखात राहिलेली. तिथे जमिनीच्या भेगांतून वायूचे बुडबुडे येत आणि त्यांच्या सडक्या अंड्यांसारख्या वासावर तिचे पोट भरे. पुढे समुद्र गेला, चिखलाचा दगड झाला. कुमुदने वर्षभर सुईने टोकरून तिला त्यातून मोकळे केले होते. अशी शिंपली आजवर कुणी पाहिली नव्हती, म्हणून तिला नाव हवे होते.

संस्थेचे संचालक डॉ. पिंपळखरे यांनी ते स्वतःच्या आडनावाला लॅटिन शेपूट लावून ठरवूनही टाकले होते. पिंपळखरेई.

शिंपली मधोमध चांगली फुगलेली होती. त्यामुळे कुमुद तिला ठमी म्हणे. खोलीत कुणी नसले तर मोठ्यानेही. हेच नाव द्यावे, असे सरांना सांगायचे तिने बरेचदा ठरवले होते. पण सरांसमोर तिचा आवाज घशातच राही. आज संध्याकाळी शिंपलीचे शास्त्रीय वर्णन नावासकट छापायला जाणार होते, आणि एकदा छापलेले नाव कधीच बदलत नाही.

"आत्या म्हणजे बापाची बहीण," सर म्हणाले. "हिचा बाप कोण?"

"या शिंपल्या सगळं पाण्यातच सोडतात, सर," कुमुद म्हणाली. "बापाचं नक्की सांगता येत नाही."

"घराण्यातली कुणीही चालेल," शिंपली म्हणाली. "पण रीतसर हवं."

कपाटे सांभाळणाऱ्या नलूताईंनी वर पाहिले. वरच्या फळीवर स्पिरिटच्या बरणीत याच घराण्यातली, पण आजच्या समुद्रातली एक शिंपली होती. वयाने ती भाचीपेक्षा चार कोटी वर्षांनी लहान होती. आत्या भाचीहून लहान, असे पुष्कळ घरांत असते.

बरणी खाली आली.

"आयत्या वेळचं बोलावणं," आत्या म्हणाली. "इतकी वर्षं फळीवर आहे, कुणी झाकणावरून फडकं फिरवलं नाही. आज बरी आठवण झाली."

नलूताईंनी पदराने झाकण पुसले. "रुसू नका वन्सं. घुगऱ्या करते."

"हरभरा मला पचत नाही. अंडी आहेत का? नासकी?"

कॅन्टीनच्या मागे होती. नलूताईंनी ती आणून फोडली. सरांनी नाकाला रुमाल लावला. ठमी मात्र फार दिवसांनी माहेरी आल्यासारखी दिसू लागली.

कापसाच्या डबीचा पाळणा झाला. नलूताईंनी तो हलवला.

"नाव पिंपळखरेई," सर रुमालातून म्हणाले. "नीट उच्चार करा."

"नाव आत्या ठेवते," आत्या म्हणाली. "मामांनी घुगऱ्या खाव्यात."

सरांना मामा म्हणवून घ्यायची सवय नव्हती. ते खुर्चीवर बसले.

शिंपल्यांना कान नसतात. म्हणून कुमुदने बरणी डबीतल्या शिंपलीच्या बिजागरीजवळ धरली.

"कुर्रर्र," आत्या म्हणाली, आणि पुढचे हळू म्हणाली. रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे होते. नलूताईंनी बरणीवर दोन घातले, कुमुदने भीत भीत एक.

"काय ठेवलं?" सरांनी विचारले.

"ठमी," शिंपली म्हणाली.

कुमुदने मान खाली घातली.

"हे तुम्हाला कुणी सुचवलं?" सरांनी बरणीला विचारले.

"सुचवायचं काय त्यात? वर्षभर रोज ऐकतेय फळीवरून. ही पोर तिला दुसरं काही म्हणतच नाही."

सर कुमुदकडे वळले.

"खरं आहे का हे?"

"हो सर," कुमुद म्हणाली. आवाज घशाबाहेर आला होता.

"कानात सांगितलेलं बदलता येतं का, नलूताई?"

"आमच्याकडे तरी नाही येत."

सरांनी वर्णनातले स्वतःचे नाव खोडले आणि वर ठमी लिहिले. मग त्यांनी थोड्या घुगऱ्या मागितल्या. त्या केलेल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या खणांतून आवाज येऊ लागले. तिथे जुन्या काळी साहेबांची नावे दिलेल्या बऱ्याच शिंपल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीचेही बारसे झालेले नव्हते.

कुमुदने शांतपणे सगळ्यांचे ऐकून घेतले. मग ती बाजारात जाऊन अंडी घेऊन आली आणि गच्चीवर, चांगले ऊन येईल अशा जागी, मांडून ठेवली.