गॅलरीतला सोनेरी कारखाना

"यात काय कठीण आहे? डबा हलवायचा, बटण दाबायचं, संपलं!" असं म्हणून इंजिनिअरांनी बाह्या सरसावल्या. खरं तर त्यांना तिथेच धरायला हवं होतं. पण बायको स्वयंपाकघरात होती आणि दुसरं कुणी घरात नव्हतं.

इंजिनिअर ही त्यांची पदवी नव्हे. जन्मभर ते एका कचेरीत टपालावर शिक्के मारत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या दाराची बेल स्वतः दुरुस्त केली. तेव्हापासून बटण दाबलं की बेल वाजत नाही, जिन्यातला दिवा लागतो! पाहुणे बिचारे लख्ख उजेडात उभे राहतात आणि शेवटी हाका मारतात. शेजाऱ्यांनी त्यावरून त्यांना इंजिनिअर म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनी ते अगदी मनापासून मान्य केलं.

त्या दिवशी त्यांच्या डोक्यात कला शिरली होती. जुन्या बाजारातून ते पिशवीभर काचसामान घेऊन आले होते. लोणच्याच्या बरण्या, एक लांब मानेची बाटली, कडा उडालेले पेले, बिनझाकणाचं साखरेचं भांडं. या सगळ्याला सोनेरी स्प्रे मारायचा आणि दिवाणखाना सजवायचा! तोही आजच, कारण संध्याकाळी मेहुणी येणार होती.

मेहुणीचं येणं साधं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचा काचेचा जाड वाडगा थोरलीनं, म्हणजे इंजिनिअरांच्या बायकोनं, आपल्याकडे आणला. धाकटीलाही तोच हवा होता. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर फारशी आलीही नाही. फोन यायचा तो सुद्धा तारेसारखा, मोजक्या शब्दांत. आज मात्र ती आपणहून चहाला येते म्हणाली होती. बायको सकाळपासून फरशी पुसत होती आणि मधूनच थांबून म्हणत होती, "आज तरी ती नीट बोलू दे गं बाई."

आता त्या घरची एक रीत होती. धुतलेली काच गॅलरीत वर्तमानपत्रावर पालथी घालायची. इंजिनिअरांनी आपलं सामान धुतलं, रीतसर पालथं घातलं आणि चहा प्यायला आत गेले. तेवढ्यात बायकोनं आईचा वाडगा धुतला आणि तिनंही रीतसर त्याच ओळीच्या टोकाला पालथा घातला. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते!

चहा पिऊन इंजिनिअर परत आले. रंगाचे शिंतोडे उडतील म्हणून त्यांनी चष्मा काढून हाताशी ठेवला आणि डबा हलवला. चष्म्याशिवाय त्यांना एवढंच दिसत होतं, की वर्तमानपत्रावर काहीतरी चमकतंय. जे जे चमकलं त्यावर त्यांनी फवारा मारला. पुढून मारला, मागून मारला, डबा फुसफुसून रिकामा झाला तेव्हाच थांबले.

"वा!" ते म्हणाले.

"अहो," आतून आवाज आला, "गॅलरीतला आईचा वाडगा आणा हो जरा. फळं कापून ठेवते त्यात."

इंजिनिअरांच्या पायाखालची फरशी सरकली. त्यांनी चष्मा चाचपला. खिशात नाही, कपाळावर नाही. मग ते गुडघ्यावर बसून ओळीच्या टोकापासून एकेक वस्तू हातानं तपासू लागले. पहिलीच वस्तू जड होती. गोल होती. आणि सोनेरी होती!

"तो ना... तो मी आत ठेवलाय. वरती. सुरक्षित!"

"वरती कुठे?"

ते उत्तर शोधत असतानाच जिन्यातला दिवा लागला आणि हाक आली, "ताई!"

मेहुणी आली. बसली. पाणी प्यायली. इकडची तिकडची दोन वाक्यं बोलली आणि म्हणाली, "ताई, आईचा वाडगा बघू दे ना जरा. तेवढ्यासाठीच आले, खरं सांगायचं तर."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. "हे सांगतील. यांनी ठेवलाय."

"पॉलिशला दिलाय!" इंजिनिअर म्हणाले.

"काचेला पॉलिश?" दोघी बहिणी एकदम म्हणाल्या. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

मेहुणी उठून गॅलरीत गेली. मान खाली घालून तिनं ती सोनेरी फौज पाहिली. "भाऊजी, हे तुमचं काम?"

"जुन्या बाजारातलं भंगार गं," बायको मागून म्हणाली. "हवं तर सगळं ने, माझी गॅलरी मोकळी होईल."

मेहुणीनं नेमकं टोकाचं भांडं उचललं. काठावरून अंगठा फिरवला. एका जागी तो थांबला. अंगठ्याला सोनेरी रंग लागला, तरी तिनं अंगठा काढला नाही. "मला हा हवा," ती हळूच म्हणाली.

"तो नको!" इंजिनिअर ओरडले. "ओला आहे!"

"देऊन टाका हो! भंगारात कसला जीव अडकलाय तुमचा?" बायको म्हणाली.

"ताई, मनापासून देतेस ना?"

"अगं, मनापासून!"

चष्म्याशिवायही इंजिनिअरांना मेहुणीच्या डोळ्यांत पाणी चमकताना दिसलं. आता गप्प राहिलो तर बायकोचा वाडगा जातो, बोललो तर आपण जातो! त्यांनी डोळे मिटले आणि बोलून टाकलं, "तो आईंचाच वाडगा आहे. चुकून रंगवला मी."

बायकोनं पुढे होऊन वाडग्याच्या काठावर बोट ठेवलं. तिथे लहानसा टवका उडालेला होता.

"तू चमचा मारला होतास," ती म्हणाली.

"तू शेवटची फोड खाल्लीस म्हणून," धाकटी म्हणाली. "एकाच वाडग्यात द्यायची ना आई दोघींना. भांडू नये म्हणून."

आणि मग दोघी हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या. बायकोला फार बरं वाटत होतं आणि ते तिनं लपवलं नाही. "ने तू. शब्द दिलाय मी."

"छे! तुझाच आहे तो."

"ने म्हणते ना!"

"ठेव म्हणते ना!"

नव्यानं भांडण जुंपलं, पण आता उलट्या दिशेनं. शेवटी ठरलं, की आज धाकटीनं न्यायचा, रंग खरवडायचा आणि पुढच्या महिन्यात फळांसकट परत आणायचा. म्हणजे तिला यावंच लागेल.

इंजिनिअरांची छाती फुगली. "बघा! तुम्हाला जे जमलं नाही ते एका स्प्रेनं केलं. याला दृष्टी लागते!"

"पण भाऊजी," मेहुणी डोळे पुसत म्हणाली, "एवढा वाडगा तुम्हाला दिसला कसा नाही?"

"चष्मा काढून ठेवला होता. शिंतोडे उडू नयेत म्हणून."

"कुठे?" बायकोनं विचारलं.

"हा काय, इथेच. हाताशी. वर्तमानपत्रावर..."

तिघांनी खाली पाहिलं. बरणी आणि बाटलीच्या मधोमध तो होता. दोन्ही काचा, दोन्ही काड्या, अगदी नाकावरचे टेकूसुद्धा सोनेरी! बाकी सगळीकडे रंगाचे ओघळ आले होते. चष्म्यावर मात्र तो फार सुबक बसला होता.