खारूताईच्या ढोलीची पीडीएफ

एका जंगलात, बाळांनो, सगळा कारभार कॉम्प्युटरवर चालायचा. 'जंगलात कॉम्प्युटर कुणी आणला?' असं मध्येच हात वर करून विचारू नका. टेंडर निघालं होतं.

त्या जंगलात चंद्री नावाची खार राहायची. राहायची म्हणजे, राहायला तिला जागाच नव्हती. तिचे दिवस भरत आले होते आणि तिनं मोहाच्या झाडातली एक रिकामी ढोली हेरून ठेवली होती. पण मंजुरीशिवाय ढोलीत शिरलं, की त्या जंगलात शेपूट जप्त व्हायचं. आता शेपूट गेलेल्या खारीला फांदीवर तोल तरी सावरता येतो का? धपकन खालीच पडायची बिचारी. तेव्हा चंद्रीनं रीतसर अर्ज केला.

अर्ज होता एका पानाचा. घुबडानं त्याला आपला अभिप्राय जोडला. सुतारपक्ष्यानं झाडाचे नकाशे जोडले. 'आमची काही हरकत नाही' एवढं सांगायला बगळ्यानं पानंच्या पानं घेतली. अशी गलेलठ्ठ पीडीएफ तयार झाली आणि येऊन थांबली अंतोबा अस्वलापुढे.

अंतोबाकडे जंगलाचा शिक्का होता. लाकडी मुठीचा, 'मंजूर' असं कोरलेला, जांभळ्या शाईत बुडणारा. सिंहमहाराजांनी कागद बंद केला होता, पण प्रत्येक पानावर शिक्का हवा, हा नियम बंद करायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"अंतोबाकाका, लवकर करा हो," चंद्री खिडकीशी काकुळतीला आली. "आज-उद्यात पिल्लं होतील."

"करतो गं पोरी. पण पान हाताला लागेल तर ना!"

अंतोबानं कॉम्प्युटरच्या मागे जाऊन पाहिलं. पान तिथंही नव्हतं. शेवटी त्यानं शिक्क्यावर तोंडानं वाफ सोडली, डोळे गच्च मिटले आणि धाडकन स्क्रीनवरच शिक्का मारला.

मग भीतभीत पुढचं पान काढलं. तर काय! शिक्का आहेच! त्याच्या पुढचं काढलं. आहे! भराभरा पानं सरकवली. प्रत्येक पानावर, त्याच जागी, तितकाच ठसठशीत 'मंजूर'!

"पोरी, एका फटक्यात सगळी पानं!" अंतोबा नाचायला लागला. चंद्री नाचली. अख्खं ऑफिस नाचलं, कारण त्यानंतर त्या स्क्रीनवर जो अर्ज उघडावा तो मंजूरच निघायचा. बेडकाला उडायची परवानगी मिळाली. गोगलगाईची तातडीच्या टपालावर नेमणूक झाली. आणि चंद्रीनं त्याच संध्याकाळी ढोली गाठली. पिल्लं झाली, एकापेक्षा एक गोजिरवाणी.

दोन-चार दिवस सुखात गेले. मग दरबारातून चंद्रीला आणि अंतोबाला बोलावणं आलं. महाराजांनी आपल्या गुहेतल्या कॉम्प्युटरवर चंद्रीची पीडीएफ उघडली होती.

"एकाही पानावर शिक्का नाही!" महाराज गरजले. "शेपूट जप्त करा! ढोली रिकामी करा!" हुकमाची फाइलसुद्धा लगेच तयार झाली.

 पिल्लांचे डोळेही अजून उघडले नव्हते हो!

"महाराज, मी स्वतः मारलेत शिक्के," अंतोबा पुढे झाला. त्यानं महाराजांची स्क्रीन जवळून निरखली. "अरेच्चा! इथवर पोचलेले दिसत नाहीत." असं म्हणून त्यानं कमरेचा शिक्का काढला आणि धाड!

महाराजांनी पानं सरकवली. शिक्का, शिक्का, शिक्का! त्यांचा राग कुठल्या कुठे पळाला. "हां, आता कसं नियमात बसलं! जा, राहा सुखानं."

चंद्रीनं सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात महाराजांचा पंजा जरा जास्तच सरकला आणि पुढची फाइल उघडली. 'चंद्री खारीचं शेपूट जप्त करणे.' मंजूर.

चंद्रीनं शेपूट पोटाशी घट्ट धरलं.

घाबरून महाराजांनी त्याच्या पुढची उघडली. 'सिंहास उतरवून वानरास गादीवर बसवणे.' मंजूर.

"नियम म्हणजे नियम, महाराज," दरबारातला वानर नम्रपणे म्हणाला आणि त्यानं मुकुटाकडे हात नेला.

"पुसा! आधी पुसा ते!" महाराज किंचाळले. फडकं येईपर्यंतही त्यांना दम निघेना. त्यांनी स्वतःच जीभ काढून स्क्रीन चाटूनपुसून लख्ख केली. वानराचा अर्ज बिनशिक्क्याचा झाला. चंद्रीचाही झाला. जप्तीचा हुकूमही बिनशिक्क्याचा झाला.

"मग माझं काय, महाराज?" चंद्रीनं हळूच विचारलं.

महाराजांची जीभ जांभळी झाली होती. "तुझी मंजुरी प्रलंबित," ते म्हणाले. "आणि जप्तीसुद्धा प्रलंबित. कॉम्प्युटरमधल्या पानांवर शिक्का मारायचा कसा, यावर समिती नेमली आहे."

समिती अजून बसलेली आहे, बाळांनो. चंद्रीची पिल्लं मोठी झाली, त्यांनीही ढोल्यांसाठी अर्ज टाकले आणि अर्ज टाकून त्या ढोल्यांत राहायलाही गेली. मोठी झुबकेदार शेपटं आहेत त्यांची.

तात्पर्य: सुखानं नांदायला मंजुरी लागत नाही; शिक्षेची फाइलही तेवढीच रखडली म्हणजे झालं.