दोन्ही पाय टेकतील अशी

मोटरसायकल कुणासाठी बघताय, असं जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने विचारलं, तेव्हा मी 'माझ्यासाठी' असं उत्तर दिलं. खोटं बोलायचा माझा विचार नव्हता. पण शेजारी माझे सासरे उभे होते, आणि खरं उत्तर द्यायला मला घरून बंदी होती.

मला मोटरसायकल चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी विम्याच्या कचेरीत कारकून आहे. लोक कशावरून, कसे आणि कुठल्या हाडावर पडले, हे दिवसभर वाचणं हे माझं काम. (असं काम करणाऱ्याला दुचाकीची फारशी ओढ राहत नाही.) मी बसने जातो, बसने येतो, आणि बसमध्येही दांडा सोडत नाही.

सासऱ्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. सासूबाई गेल्या, तशी बायको त्यांना आमच्याकडे घेऊन आली. ते अंगकाठीने किरकोळ आणि उंचीने... उंचीबद्दल आमच्या घरात बोलत नाहीत. तसा नियम कुणी केलेला नाही, पण ते यायच्या आदल्या दिवशी बायकोने स्वयंपाकघरातल्या वरच्या फळ्यांवरचे सगळे डबे खाली आणले, कपड्यांची दांडी खाली घेतली आणि मोरीतला आरसा काढून हातभर खाली ठोकला. का, ते ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. तेव्हापासून मी दाढी वाकून करतो.

आल्यापासून ते खिडकीपाशी बसायचे. 'हो', 'नको' आणि 'चालेल' एवढ्या तीन शब्दांवर त्यांचा दिवस निघायचा. हत्यारांची पेटी सोबत आणली होती, पण तिचं झाकण त्यांनी एकदाही उघडलं नव्हतं. बायको त्यांच्या आवडीचं करायची, ते मान डोलवायचे आणि ताट अर्धं ठेवून उठायचे. हे असं कित्येक महिने चाललं होतं.

आणि एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "मला एक मोटरसायकल घ्यायचीय. जुनी चालेल."

बायको उठून स्वयंपाकघरात निघून गेली. ती चिडली असं समजून मी समजूत घालायला मागे गेलो, तर ती ओट्याकडे तोंड करून फडक्याने डोळे पुसत होती.

"बाबांना काहीतरी हवंय," ती म्हणाली. "आई गेल्यापासून पहिल्यांदा."

"पण या वयात मोटरसायकल? स्कूटर सुचवू का?"

"त्यांनी मोटरसायकल म्हटलंय, मोटरसायकलच आणायची. तुम्ही बरोबर जा. दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशीच घ्या. सिग्नलला अंगठ्यावर तोल सांभाळत उभे राहिले तर माझ्या जिवाला घोर लागेल. आणि हे बघा, उंचीचा विषय काढायचा नाही. आधीच मन हळवं झालंय त्यांचं."

"मग दुकानदाराला काय सांगू?"

"ऑफिसात तुम्ही लोकांना नाही म्हणता आणि त्यांना घरी पोचेपर्यंत कळत नाही. तसंच काहीतरी सांगा."

(हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.)

तर असे आम्ही त्या व्यापाऱ्याच्या आवारात उभे होतो. पत्र्याच्या छपराखाली गाड्यांच्या रांगा लावलेल्या, जमिनीवर तेलाचे डाग आणि एका बाजूला गाड्या धुण्याचं शेजाऱ्याचं केंद्र. व्यापाऱ्याच्या हातात कायम एक पाना असायचा. बोलताना तो त्याने हवेत अदृश्य नट आवळायचा. म्हणून मी त्याला पानेवाला म्हणेन.

"तुमच्यासाठी का," पानेवाला माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघत म्हणाला. "मग काय, कुठलीही उचला."

"नाही, मला जरा... जमिनीच्या जवळची हवी."

"जमिनीच्या जवळची?"

"म्हणजे दोन्ही पाय व्यवस्थित टेकले पाहिजेत."

त्याने एक धिप्पाड काळी गाडी पुढे ओढली. मी बसलो. दुर्दैवाने माझे दोन्ही पाय सपाट टेकले. मी हळूच टाचा उचलल्या.

"साहेब, टेकतायत की पाय."

"टेकतायत," मी म्हणालो, "पण मनापासून टेकत नाहीत."

पानेवाल्याचा पाना हवेतच थांबला. तो काही बोलणार एवढ्यात सासरे पुढे आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी असा हात कधी ठेवला नव्हता.

"त्यांना हसू नका," ते पानेवाल्याला म्हणाले. "भीती वाटत असली की जमीन लांबच वाटते." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, तुम्हालाही शिकायचं होतं, हे आधी बोलला असतात तर? आधी तुमची बघू. माझं काय, मी केव्हाही घेईन."

खरं सांगावं तर बायको, न सांगावं तर मोटरसायकल. मी मोटरसायकल पत्करली.

पुढचा तासभर सासऱ्यांनी माझ्यासाठी गाड्या तपासल्या. त्यांनी साखळ्या ओढून पाहिल्या, सायलेन्सरला कान लावला, टाकीचं झाकण उघडून आत वास घेतला. तीन शब्दांचा तो माणूस पानेवाल्याशी इंजिनाच्या आवाजावरून हुज्जत घालत होता. प्रत्येक गाडीवर 'तुम्हाला दाखवतो' म्हणून ते आधी स्वतः बसायचे आणि मी चोरून त्यांच्या बुटांकडे बघायचो.

काळ्या गाडीवर त्यांचे नुसते चवडे पोचले. त्यांनी गाडी बेमालूम एका अंगाला कलती केली आणि एकाच पायावर रुबाबात उभे राहिले. दुसरी बुटकी होती, पण सीट पाटासारखी रुंद. पाय इतके फाकले की बुटकेपणाचा सगळा फायदा रुंदीत गेला. तिसरीवर पाय टेकले, पण वजन असं की ती मागे ढकलायला पानेवाल्याला हात लावावा लागला. ते उतरले, हातरुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "जावईबापूंना ही झेपायची नाही."

"नाही झेपायची," मी म्हणालो.

मग कोपऱ्यातून एक जुनी लाल गाडी निघाली. रंग उडालेला, एकच आरसा, सीट पुढे निमुळती होत गेलेली, वजन बेताचं. सासरे बसले. दोन्ही बूट टाचेसकट जमिनीवर टेकले. त्यांनी गाडी मांड्यांमध्ये धरून इकडेतिकडे हलवून पाहिली, पायांनी मागे रेटली, पुढे घेतली. मग हँडलवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसून राहिले.

"हीच," मी घाईने म्हणालो. "मला हीच आवडली."

"न चालवता कसं म्हणता?" सासरे भानावर येत उतरले. "बसा. एक फेरी मारा."

"घरी जाऊन मारीन."

"घरी न्यायची कशी मग? बसा."

मी बसलो. त्यांनी मला क्लच दाखवला, गिअर दाखवला, उजव्या पायाखालचा ब्रेक दाखवला. घड्याळाचा काटा बसवावा तशी माझी बोटं एकेक करून हँडलवर बसवली. "क्लच हळू सोडायचा," ते म्हणाले. "अगदी हळू."

मी हळूच सोडला. निदान माझ्या मते तरी. गाडी निघाली. आता अडचण अशी, की दोन्ही पाय जमिनीवर पाहिजेत हे मी सकाळपासून इतक्यांदा म्हटलं होतं की माझ्या पायांचा त्यावर विश्वास बसला होता. ते जमीन सोडेचनात. मी पाय फरफटत, बदकासारखा, आवारातून निघालो. ब्रेक होता उजव्या पायाखाली, आणि उजवा पाय होता जमिनीवर. हँडल घट्ट धरावं म्हणून मी मूठ आवळली, तर ती मूठ पेट्रोलची निघाली.

पानेवाल्याने पहिली रांग वाचवली. दुसरी रांग गाडीनेच वाचवली, कारण ती त्याआधी वळली. शेजारच्या धुलाई केंद्राच्या प्लास्टिकच्या पडद्यातून मी आत शिरलो तेव्हा आत एक मोटार फेसाखाली होती, आणि पाण्याची नळी धरलेल्या माणसाने (त्याची काही चूक नाही) जे समोर येईल ते धुवायचं ठरवलेलं होतं.

मागून कुणीतरी धावत येत होतं. सासरे होते. खिडकी ते पलंग एवढंच चालणाऱ्या त्या माणसाने सगळं आवार पळत पार केलं, हात घालून किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली. बंद होऊन ती माझ्यासकट फेसात सावकाश आडवी झाली. मला लागलं नाही. माझ्या कचेरीने मंजूर करावं असं तर काहीच लागलं नाही.

सासरे माझ्याकडे बघत होते. माझ्या डोक्यावर फेस होता, कानात फेस होता, चष्मा नव्हता. त्यांच्या छातीतून आधी घड्याळाला किल्ली दिल्यासारखा एक आवाज निघाला आणि मग ते हसायला लागले. भिंतीला टेकून हसले, खाली ओल्या फरशीवर बसून हसले. पानेवालाही हसला, नळीवालाही हसला. पुढे केव्हातरी ते दोघे थांबले आणि सासऱ्यांचे खांदे मात्र हलतच राहिले. ते आता हसत नव्हते. नळीवाल्याने पाणी बंद केलं. मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसून राहिलो. काय बोलावं, ते मला सुचलं नाही. त्यामुळे मी चुकीचं काही बोललो नाही.

"आमची ही असती तर तुम्हाला ओरडली असती," ते म्हणाले. "आमच्याकडेही गाडी अशीच होती, लाल. तिच्या आजारपणात विकली."

"सासूबाई बसायच्या मागे?"

"बसायची. तिला माझ्या डोक्यावरून सगळा रस्ता दिसायचा. खड्डा आला की पाठीवर बोट टेकवायची. डावीकडे असला तर डावीकडे, उजवीकडे असला तर उजवीकडे. खड्डे मी कधी बघितलेच नाहीत."

गाडी आम्ही घेतली. (तशी ती घेणं भागही होतं. उरलेला आरसा मी तोडला होता.) चालवत अर्थातच सासरे आले आणि मी ओल्या कपड्यांनी मागे बसलो. एका सिग्नलला थांबलो. त्यांचे दोन्ही बूट टाचेसकट रस्त्यावर होते. मान न वळवता ते म्हणाले, "जावईबापू, भीती तुमची खरी आहे. पाय मात्र माझे होते, नाही?"

मी फेसातून शोधून काढलेला चष्मा पुसायला लागलो.

"मुलीने सांगितलं असणार. आईवर गेलीय. तिची आईही माझ्या विजारी परस्पर आखूड करून आणायची आणि म्हणायची, शिंप्याचं माप चुकलं. मी जन्मभर शिंप्याला नावं ठेवली, तिच्या समाधानासाठी."

"म्हणजे तुम्हाला दुकानातच कळलं होतं?"

"तुम्ही टाचा उचलल्यात तेव्हाच."

"मग मला थांबवायचं तरी."

"तुम्ही इतकं जीव तोडून खोटं बोलत होतात," सासरे म्हणाले. "मध्ये कसं बोलणार?"

सिग्नल सुटला. पुढच्या वळणावर मला त्यांच्या डोक्यावरून एक खड्डा दिसला. उजवीकडे होता. बराच विचार करून मी त्यांच्या पाठीवर उजवीकडे बोट टेकवलं. गाडी डावीकडून निघून गेली.

घरी बायकोने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. मला काय झालं ते तिने विचारलं नाही. वडिलांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि मी शिंकत असताना ती माझ्याकडे पाहून प्रेमाने हसली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असं हसू फुकट मिळत नसतं.

त्यानंतर सासरे रोज संध्याकाळी गाडी घेऊन बाहेर पडू लागले. हत्यारांची पेटीही सीटमागे बांधली जाऊ लागली. कुठे जाता, असं आम्ही विचारलं नाही. माणूस हिंडताफिरता झाला, यात आपला मोठा वाटा आहे, हे मात्र मी कचेरीत चार जणांना सांगितलं. एका सुट्टीच्या दिवशी ते छत्री विसरले म्हणून मी ती द्यायला निघालो. रस्त्यात कुणीतरी त्यांना पानेवाल्याकडे पाहिल्याचं सांगितलं.

ते तिथेच होते. स्टुलावर बसले होते, मांडीवर कुणाच्या तरी गाडीचा उघडलेला मीटर होता. समोर एक शिक्षिकाबाई उभ्या होत्या, चणीने सासऱ्यांच्याही खांद्याला लागतील अशा. त्यांना नव्या शाळेत जायला मोटरसायकल हवी होती आणि हँडलला हात लावायचा धीर होत नव्हता. आता उंचीने बेताची गिऱ्हाइकं पानेवाला सरळ सासऱ्यांकडे पाठवतो, असं दिसलं. सासरे त्यांना सीटची रुंदी, गाडीचं वजन, पाय कसा टाकायचा, हे सगळं समजावून सांगत होते. 'बुटकं' हा शब्द तर ते बिनदिक्कत वापरत होते. ऐकताना मलाच लाजल्यासारखं झालं.

"ते सगळं ठीक आहे," बाई म्हणाल्या, "पण मला खरंच जमेल का?"

सासऱ्यांनी मान वर केली. मी दिसताच त्यांचा चेहरा उजळला. खरोखर उजळला, आणि मला आत कुठेतरी फार बरं वाटलं.

"हे बघा, आलेच," ते बाईंना म्हणाले. "मी मघाशी सांगत होतो ते माझे जावई. यांनी चालवलीय. इथूनच निघाले होते."

बाईंनी मला छत्रीसकट पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी हळूहळू पुसली गेली. पर्स खांद्याला अडकवून त्यांनी शांतपणे हँडल हातात घेतलं.

"मग मला जमेल," त्या म्हणाल्या.