सात पायऱ्यांचा सत्कार

"चढा हो, साळूआजी! सात तर पायऱ्या आहेत!"

"सातच आहेत तर तू चढ की, मेल्या! तुला चार पाय नि वर शेपूट!"

एका जंगलात हे भांडण चाललं होतं, बाळांनो, आणि आपण जरा उशिरा पोचलो. हरकत नाही. भांडण अजून गरम आहे.

साळूआजी म्हणजे म्हातारी साळिंदर. तिचा मागचा एक पाय सापळ्यात गेलेला. पाणवठ्याची दरड तिला उतरवत नसे. म्हणून जंगलाने तिच्यासाठी छान सपाट उतार बांधला. त्याला दोन महिने झाले.

पण उतारावर लाल फीत बांधलेली होती. फीत समारंभाने कापल्याशिवाय पाऊल ठेवायचं नाही, अशी तिथली रीत. तोवर कुणी आठवणीने करवंटीत आणून देईल तेवढंच पाणी आजी प्यायची. कालपासून तेही नाही. सगळे तिच्याच समारंभाचा मांडव घालण्यात गुंतले होते ना!

आज मुहूर्त लागला. उताराला लागूनच सात पायऱ्यांचं उंच व्यासपीठ. वर सिंहमहाराज पेंगत होते. खाली सुगम जंगल समितीचे अध्यक्ष माकडराव शाल घेऊन घामाघूम.

"सत्कार खालीच उरका रे," आजी म्हणाली. "घसा सुकलाय माझा."

"खाली? महाराज काय खाली उतरतील? आधी वर शाल, मग भाषणं, मग फीत, मग पाणी."

"भाषणं किती?"

"नऊच. सगळी तुमच्या सोयीवर!"

"आणि मी वर येऊ कशी?"

"उचलून नेऊ की! अस्वलभाऊ, घ्या आजींना."

अस्वल बिचारं प्रेमाने वाकलं आणि बोंबलत सरळ झालं. पंजात अकरा काटे.

समितीची तिथल्या तिथे तातडीची बैठक झाली. ठराव एकमताने मंजूर झाला. माकडराव गोड आवाजात म्हणाले, "आजी, काटे तेवढे काढून ठेवता का? कार्यक्रमापुरते?"

आजी तीन पायांवर वळली. लंगडत उताराशी गेली आणि फीत दातांनी कचकन तोडली.

"अहो, अहो! काय करताय?" माकडराव ओरडले. "आता आम्ही सत्कार कुणाचा करायचा?"

आजी उतार उतरली. पाय सापळ्यात गेल्यापासून पहिल्यांदा पाण्याला स्वतःचं तोंड लावलं. पोटभर प्यायली. मग ओल्या मिशा झटकून वर बघत म्हणाली,

"त्या सात पायऱ्यांचा करा; मनापासून बांधलंत ते तेवढंच."

तात्पर्य : ज्यांची सोय करायची त्यांना काटे नसावेत, आणि भाषणं संपेपर्यंत तहान तर मुळीच लागू नये.